सात तुकड्यांचं गाव

शनिवारी सकाळी सोमलिंग लातूरहून मोटारसायकलवर माकणीत आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत, अगदी पोटाशी, टॉवेलात गुंडाळलेली एक काळी चपटी डबी होती. ती बाहेर काढून त्यानं शांतलिंग आप्पांच्या हातात दिली.

"आप्पा, जपून धरा. ह्यात अख्खं गाव हाय."

आप्पांनी डबी कानाशी नेऊन हलवून पाहिली.

"हलवू नका की हो! हार्ड डिस्क हाय ती, मित्राची. लग्नाचे व्हिडिओ काढतो त्यो. आज रातच्याला त्याला परत पायजे."

सोमलिंग हा आप्पांचा चुलत नातू, लातूरला इंजिनिअरिंगला. आणि डबीतलं गाव होतं आप्पांच्या सख्ख्या नातीचं, शिवरंजनीचं. मोबाईलवर ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं, रस्ते, डोंगर बांधायचा एक खेळ असतो. सोमलिंगनं आपल्या हॉस्टेलच्या संगणकावर त्या खेळातलं एक जग मांडून दिलं होतं आणि माकणीची सात मुलं रोज संध्याकाळी घरच्यांच्या मोबाईलवरून त्यात शिरायची. बाकीच्या मुलांनी किल्ले बांधले असते. शिवरंजनीनं मात्र सगळ्यांना कामाला लावून माकणीच बांधायला घेतली. सकाळी शाळेत जाताना एक गल्ली नीट बघायची आणि संध्याकाळी ती बांधायची. दोन वर्षांत मठ झाला, शाळा झाली, बसथांबा झाला, धरणाची भिंत झाली. भिंतीवर पांढऱ्या ठोकळ्यांचे बगळेसुद्धा बसले.

जूनमध्ये शिवरंजनी लातूरला मावशीकडे शिकायला जाणार होती. जाताना तिला हे गाव सोबत न्यायचं होतं. पण हॉस्टेलच्या पोरांना आता जुन्या जगाचा कंटाळा आला होता. शनिवारी संध्याकाळी ते पाटी पुसावी तसं सगळं पुसून नवा डाव मांडणार होते. त्याच्या आधी गाव बाहेर काढणं भाग होतं, म्हणून सोमलिंगची ही धावपळ. फोनवरून पाठवायचं म्हटलं तर फाईल अवाढव्य. ती तशी व्हायला गावातल्या बजरंगचा मुलगा नंदीश कारणीभूत होता. ह्या खेळात तुम्ही जितकं पुढं चालत जाल तितकी नवी जमीन तयार होत जाते, आणि नंदीशनं दिवाळीची अख्खी सुट्टी जगाचं टोक शोधण्यात घालवली होती. टोक सापडलं नाही. फाईल तेवढी फुगली.

नेमकी त्याच दिवशी शिवरंजनीची लोहाऱ्याला शिष्यवृत्तीची परीक्षा होती. जाताना ती आप्पांना तीनदा बजावून गेली होती, "आप्पा, सोमलिंगदादा आला की सगळ्या पोरांना बोलवा. सगळ्यांना मिळायला पायजे. कुणी राहिलं न्हाय पायजे."

"तू पेपराकडं ध्यान दे. हितलं म्या बघतो," आप्पा म्हणाले होते.

सोमलिंग आला म्हणून आप्पांच्या बायकोनं, गंगम्मांनी, हुग्गी केली होती. खपली गहू, गूळ, वरून तुपाची धार. सोमलिंग हॉस्टेलचा उपाशी. तो पहिल्या वाटीला "बास" म्हणाला, दुसऱ्या वाटीला हात आडवा धरला, आणि तिसऱ्या वाटीला त्याचा हात उचललाच गेला नाही.

"आप्पा," तो जडावलेल्या आवाजात म्हणाला, "फाईल लई मोठी हाय, म्हणून तिचे सात तुकडे करून आणलेत. पोरं आली की उठवा मला. म्या सांगतो कसं घ्यायचं." आणि ओसरीवरच्या घोंगडीवर तो आडवा झाला.

थोड्या वेळानं घरोघरचे मोबाईल घेऊन सहा मुलं आली. नंदीश होता, भागवतची वर्षाराणी होती, म्हाळसाबाईचा नातू बिरू होता, शंभुलिंग होता आणि मठाशेजारची दोघं भावंडं होती. आप्पा सोमलिंगला हलवायला वाकले, तोच गंगम्मा आतून धावत आल्या.

"अय्यो, बेड बेड! नका उठवू! जेवून निजलेल्या पाव्हण्याला कुणी उठवतं व्हय? लेकराचं तोंड बघा कसं सुकलंय."

लेकराचं तोंड तुपानं चकाकत होतं. पण गंगम्मांनी नको म्हटल्यावर त्या घरात ते काम होत नसे.

तोवर अंगणात भांडण लागलं होतं. पहिला नंबर कुणाचा, यावरून. शिवाय एकाच्याही मोबाईलमध्ये जागा नव्हती. सगळे फोन फुलं, सूर्योदय आणि शुभ सकाळ यांनी गच्च भरलेले. जेमतेम एकेक तुकडा मावेल, एवढीच जागा प्रत्येकाकडे निघाली.

आता इथं आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. पंचक्रोशीत कुठंही भाऊ वेगळे व्हायला निघाले की शांतलिंग आप्पांना बोलावणं यायचं. त्यांनी शेतं वाटली होती, विहिरीचं पाणी वाटलं होतं, आंब्याची झाडं फांद्यांसकट वाटली होती. त्यांनी केलेली वाटणी कधी मोडली नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. त्यांनी अंगणाकडं पाहिलं. मुलं सहा, सातवी शिवरंजनी. तुकडे सात. फोनात जागा एकेका तुकड्याची. सोमलिंगनं किती विचार करून भाग पाडलेत, असं वाटून त्यांना पोराचं कौतुक वाटलं.

"गप बसा रे!" आप्पा कडाडले. "सात तुकडे हायेत, सात धनी हायेत. एकेकाला एकेक. चिठ्ठ्या टाकू."

"पण आप्पा," नंदीश म्हणाला, "ते तुकडे वेगळे वेगळे..."

"थोरं बोलताना मधी बोलू न्हाय. बारक्या पोरीला फुडं करा, ती उचलंल चिठ्ठ्या."

भावंडांतल्या धाकटीनं चिठ्ठ्या उचलल्या. आप्पांच्या मुलाचा, राजशेखरचा, जुना लॅपटॉप घरी होता. राजशेखर ढोकीच्या कारखान्यात कारकून, हंगामात क्वचितच घरी यायचा. नंदीशनं डबी लॅपटॉपला जोडली आणि पहिला तुकडा शंभुलिंगच्या फोनात टाकला. आप्पा चष्मा लावून शेजारी बसले होते.

"शंबूला दिलास न्हवं? मग हितं अजून कसा दिसतोय?"

"कॉपी केलाय आप्पा. हितंबी राहतोय, तितंबी जातोय."

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे? वाटा त्येच्या नावावरबी आन् सामायिकातबी? असलं केलं की फुडं सात पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेत! ज्याचा वाटा त्यानं न्यायचा, सामायिकातनं नाव कमी करायचं. पुस हितनं."

"पुसू?"

"म्या सांगतोय न्हवं?"

नंदीशनं पुसला. मग त्याला सोपी युक्ती सुचली. पुढचे तुकडे त्यानं कॉपी न करता थेट हलवले. एकेक तुकडा डबीतून निघून एकेका फोनात गेला. सातवा शिवरंजनीसाठी लॅपटॉपमध्ये उतरला, कारण वाटणी करणाऱ्याच्या घरानं शेवटी घ्यायचं असतं. डबी रिकामी झाली. आप्पांनी समाधानानं कपाळावरच्या विभूतीवरून बोटं फिरवली.

सोमलिंग दचकून जागा झाला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.

"अगागा! डिस्क पोचवायची हाय! आप्पा, पोरांनी घेतलं का?"

"सगळ्यांना मिळालं. एकाचंबी भांडण न्हाय."

"मग बेस्ट!" असं म्हणत सोमलिंगनं डबी शर्टात कोंबली आणि किक मारली.

शिवरंजनी संध्याकाळच्या बसनं परतली. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "आप्पा, आलं का गाव?"

"आलं आन् वाटूनबी झालं. तुझा वाटा लॅपटॉपात ठिवलाय. सातवा."

"सातवा म्हंजे?"

आप्पांनी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या कशा टाकल्या, भांडण कसं मिटवलं, सामायिकातून कसं कमी केलं. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं की पोरगी ओसरीच्या पायरीवर बसली आहे आणि तिच्या खांद्यावरून दप्तर घसरून खाली पडलंय. ती उचलतही नाही.

तिनं सोमलिंगला फोन लावला. तिकडून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"जुनं जग तर मघाशीच पुसलं की. पण तुकडे डिस्कवर असतील, थांब बघतो... अगं, डिस्क रिकामी हाय! गाव कुठं गेलं?"

आप्पा तिच्या शेजारी येऊन बसले. "चुकलं का काय माझं?"

"आप्पा, एका तुकड्यात काही दिसत न्हाय. काहीच."

"आपल्या घरापुरतं तरी?"

"घरबी न्हाय. आपला रेडिओ खोलला आन् सात जणांनी त्यातलं एकेक काहीतरी घरी नेलं, तर बातम्या कुणाच्या घरी लागतील?"

आप्पांनी कोनाड्यातल्या रेडिओकडं पाहिलं. शिवरंजनी रडली नाही, त्यामुळं त्यांना जास्तच अवघड झालं. ती नुसतं एवढंच म्हणाली, "सगळे तुकडे एका जागी आले तर जुळंल. पण कुणी एकानं जरी पुसला, तर संपलं."

"सकाळी जाऊ," आप्पा म्हणाले. "म्या येतो तुझ्यासंगं. माझ्या शब्दाला गावात कोण न्हाय म्हणतंय?"

रविवारी सकाळी पूजा आटोपून आप्पा बाहेर पडले. लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून शिवरंजनी मागं. शंभुलिंगनं तुकडा हसत दिला. मठाशेजारच्या भावंडांनीही आपापला दिला. स्वतःचा धरून चार झाले. आप्पांची चाल ऐटदार झाली. मग ते बजरंगच्या दारात पोचले.

बजरंग ट्रॅक्टर धूत होता. त्याचं आणि भागवतचं बांधावरून जुनं भांडण होतं. फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता, आणि आप्पांनी कशासाठी आलो ते सांगताच त्यानं ओला हात त्या खिशावर ठेवला.

"आप्पा, वाटणी झाली न्हवं? मग परत कसं मागताव? दिलेला वाटा परत घ्यायचा नसतो, हे तुमीच आमच्या भावाला सांगितलं हुतं. ह्याच दारात."

"अरे, ती शेताची गोष्ट."

"हीबी शेताचीच हाय!" बजरंग खाली वाकून हळूच म्हणाला, "भागवतचं शेत हाय ह्यात. पुरं. माझ्या खिशात."

शिवरंजनीनं चमकून नंदीशकडं पाहिलं. नंदीश ट्रॅक्टरच्या चाकामागं सरकला. ती त्याच्या मागं गेली.

"काय सांगितलंस घरी?"

"मग काय करू?" नंदीश कुजबुजला. "बाबा म्हणले, फोन भरलाय, हे कसलं दोन जीबीचं लचांड, पुसून टाक. मला काहीच सुचंना. म्या म्हणलो, पुसू नका, त्यात भागवतकाकाचं शेत हाय. तवापासनं फोन उशाला घेऊन निजतेत."

शिवरंजनीला त्याच्यावर रागवावं की त्याचे आभार मानावेत ते कळेना. तुकडा वाचला होता, हे खरं होतं. पण आता तो सुटणार कसा?

ही बातमी त्यांच्या आधीच भागवतकडे पोचली होती, कारण बजरंग सकाळी हॉटेलात चहा पिताना सगळ्यांना खिसा थोपटून दाखवून आला होता. भागवत दारातच उभा होता.

"आप्पा, तुमच्यावर माझा विश्वास हुता. माझं शेत त्या बजरंगला दिलंत? आन् आमच्या पोरीच्या वाट्याला काय आलंय, ते कुणी सांगंना."

"बाबा, तसं काही नसतंय त्यात," वर्षाराणी मागून म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय शेतातलं? आधी बजरंगनं माझं शेत परत द्यावं, मग आमी आमचा तुकडा देताव."

"भागवता, तुझं शेत जागच्या जागी हाय. आत्ता त्येच्यावरनंच आलो."

"ते झालं हो खालचं. पण फोनातलं?"

आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की लोक आपलं इतकं मनापासून ऐकतात, तेवढं ऐकू नये.

राहिला बिरूचा तुकडा. बिरूची आजी म्हाळसाबाई वाड्यापाशी मेंढरांना पाणी पाजत होती. मेंढरांचा तो काट्याकुट्यांचा वाडा सोडला तर म्हाळसाबाई आणि तिचा नवरा धुळाप्पा यांच्या नावावर गावात मूठभर माती नव्हती. आप्पांचं बोलणं तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"आप्पा, तुमी आजवर कितीक वाटण्या केल्या. मला सांगा, एका तरी वाटणीत आमचं नाव आलं हुतं का?"

आप्पांनी मान आडवी हलवली.

"काल चिठ्ठीत आलं. बिरू नाचत घरी आला. आमच्या ह्यांनी इचारलं, काय मिळालं? पोरगं म्हणलं, गावातला एक वाटा मिळाला. पैल्यांदा मिळाला, आप्पा. आन् आज तुमी दारात. दुसऱ्याच दिवशी."

शिवरंजनी काही बोलणार होती, पण आप्पांनी हातानंच तिला थांबवलं. ते एका दगडावर बसले.

"म्हाळसाबाई, म्या परत मागायला आलो, हे माझं चुकलं. तुमचा वाटा तुमच्यापाशीच राहू द्या. पण दुपारी तो घेऊन आमच्या ओसरीवर या. तुमच्या हातानं लावा. तुमी न्हाय आला, तर गावच उघडत न्हाय."

"आमच्याबिगर गाव उघडत न्हाय?"

"न्हाय."

"सरपंचाचं घरबी न्हाय?"

"सरपंचाचं न्हाय, माझंबी न्हाय, मठबी न्हाय."

म्हाळसाबाईनं शिवरंजनीकडं पाहिलं. "खरं का गं?"

"खरंच, आजी."

दुपारी सर्वांत आधी म्हाळसाबाई आली. लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून, धुळाप्पाला आणि बिरूला बरोबर घेऊन. तिच्या येण्याचा निरोप गेला आणि बजरंग आला, कारण एवढ्या महत्त्वाच्या बैठकीला आपण नाही हे त्याला परवडणारं नव्हतं. बजरंग आला म्हणून भागवत आला, त्याच्यावर नजर ठेवायला. गंगम्मांनी सगळ्यांना चहा दिला. चहा देताना त्या आप्पांना हळूच म्हणाल्या, "ह्या डावाला कुणाला जेवायला घालत न्हाय. परत कोण निजलं तर?"

शिवरंजनीनं लॅपटॉप पाटावर ठेवला. प्रत्येकानं आपला फोन स्वतःच्या हातानं जोडायचा, असं ठरलं. बजरंगनं फोन जोडताना भागवतकडं बघून खाकरलं. भागवतनं जोडताना आकाशाकडं पाहिलं. म्हाळसाबाईनं फोनला आधी हळद-कुंकू लावलं, मग वायर. वायरीच्या टोकाला लागलेलं कुंकू नंदीशनं हळूच पुसून काढलं.

"आता जोडते," शिवरंजनी म्हणाली.

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर येऊन ती थांबली. ओसरीवर कुणी चहाचा घोटही घेईना. शिवरंजनीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. पट्टी पुन्हा हलली, रखडली, आणि एकदम शेवटाला गेली. पडदा काळा झाला. मग त्यात बसथांबा उगवला.

"आपला थांबा!" धुळाप्पा ओरडला. सकाळपासूनचा तो त्याचा पहिला शब्द होता.

शिवरंजनी गावातून चालू लागली. थांब्यावरून मठ, मठावरून शाळा. गल्ल्या वळत होत्या, दारं येत होती. "हे आमचं," "ही आमची शेळी," असे आवाज निघू लागले. म्हाळसाबाईचा मेंढरांचा वाडा आला, त्यात ठोकळ्यांची मेंढरं चरत होती, आणि म्हाळसाबाईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला. धरणाच्या भिंतीवरचे पांढरे बगळे दिसले तेव्हा गंगम्माही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आप्पा पडद्याकडं नाही, नातीच्या चेहऱ्याकडं बघत होते. कालपासून पहिल्यांदाच तो मोकळा दिसत होता.

मग गाव संपून शेतं सुरू झाली.

"थांब, थांब!" भागवत उठून उभा राहिला. "ह्यो बांध कुणी सरकवला? हे बघा, हितं कडुलिंबापाशी! बजरंगचं रान माझ्यात आलंय."

"काय बोलतोयस?" बजरंगही उठला. "उलट तुझं माझ्यात घुसलंय. हितं सरळ रेघ हाय खरी, पण सरळ रेघ तू कवा ठेवलीस?"

"काका, मला दिसलं तसं बांधलंय," शिवरंजनी म्हणाली.

"तुझ्या बघण्यात चुकलं असंल!" हे मात्र दोघं एकाच वेळी म्हणाले.

बघता बघता आवाज चढले. बजरंगनं बोटानं पडद्यावर बांध दाखवला, भागवतनं त्याचं बोट बाजूला केलं. आप्पांनी सवयीनं उपरणं झटकलं आणि घसा साफ केला. आता मोजणी करावी लागणार, बांधाला साक्षीदार लागणार, असा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरूही झाला.

"आप्पा," शिवरंजनी घाईनं म्हणाली, "वाटू नका! आता सगळ्यांना सगळंच देता येतंय."

"म्हंजे?"

"काल नंदीशनं पैल्यांदा केलं हुतं तसं. कॉपी. बजरंगकाकांना अख्खं गाव, भागवतकाकांना अख्खं गाव, म्हाळसाआजींनाबी अख्खं. ज्यानं त्यानं आपल्या गावात काय पायजे ते करावं."

"सगळ्यांना सगळं?" आप्पांनी चष्मा काढला. "आन् कुणाचं कमी?"

"कुणाचंच न्हाय."

आप्पांनी लॅपटॉपकडं पाहिलं, मग बजरंग-भागवतकडं, मग पुन्हा लॅपटॉपकडं. उभ्या हयातीत त्यांनी अशी वाटणी पाहिली नव्हती. उपरणं त्यांनी परत खांद्यावर टाकलं.

पुढच्या आठवड्यात फोनांमध्ये जागा करण्यासाठी गावातली सगळी फुलं आणि सूर्योदय पुसले गेले. चार दिवस माकणीत कुणी कुणाला शुभ सकाळ म्हटलं नाही. बजरंगनं नंदीशला शेजारी बसवून आपल्या गावातला बांध भागवतच्या बाजूला सरकवून घेतला. भागवतनं वर्षाराणीकडून तोच बांध बजरंगच्या बाजूला सरकवून घेतला. दोघंही जिंकले. आता ते हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा प्यायचे आणि बिचाऱ्या दुसऱ्याला काही माहीतच नाही म्हणून एकमेकांकडं मायेनं बघायचे. म्हाळसाबाईच्या गावात बिरूनं धरणाच्या काठाला एक मोठं रान काढलं होतं. त्यात काही पेरायचं की नुसती मेंढरं चारायची, यावर त्या घरात रोज चर्चा व्हायची.

आप्पाही संध्याकाळी शिवरंजनीजवळ येऊन बसू लागले. ठोकळा कसा फोडतात, कसा ठेवतात, तिनं त्यांना शिकवलं. बोट थरथरायचं, ठोकळा भलतीकडंच जायचा. ती न कंटाळता पुन्हा सांगायची.

जून आला. शिवरंजनी लातूरला गेली. बरोबर बापाचा जुना लॅपटॉप होता.

पहिला आठवडा नवी शाळा आणि नवी पुस्तकं यांत गेला. पहिल्या रविवारी दुपारी मावशीच्या घरी सगळे झोपले, तेव्हा तिनं गाव उघडलं. बसथांब्यावर उतरली, मठावरून गेली, घरात डोकावली. मग आपल्या शेतात आली आणि थबकली. त्यांच्या रानाला लागून मठाची जमीन होती. मधला बांध एक ठोकळा मठाच्या बाजूला सरकला होता. विहिरीपासून थेट ओढ्यापर्यंत, सगळाच्या सगळा.

तिनं घरी फोन लावला.

"आप्पा, आपला बांध मठाच्या रानात कसा गेला?"

पलीकडं आप्पा खोकले.

"कंचा बांध?"

"विहिरीपासनं ओढ्यापर्यंतचा."

"त्यो तसाच हुता आधीपासनं. तुझ्या बघण्यात चुकलं असंल."

मागून गंगम्मांचा आवाज आला, "खोटं! तू जायच्या आदी रोज दुपारी, तू शाळेत गेलीस की, झोप सोडून बटनं दाबत बसायचे. म्या इचारलं तर म्हणायचे, पोरीचा अभ्यास तपासतोय!"

"आवाज कटतोय गं," आप्पा घाईनं म्हणाले. "म्या धरणाकडं आलोय. हितं रेंज न्हाय." आणि फोन बंद झाला.

शिवरंजनी एकटीच हसत सुटली. मग त्या बांधावरून ओढ्यापर्यंत चालत गेली. ठोकळे वेडेवाकडे बसले होते. काही ठिकाणी एकाऐवजी दोन ठोकळे एकावर एक बसले होते. एवढा लांब बांध, एकेक ठोकळा करत, त्या थरथरत्या बोटानं. ओढ्यापाशी एक खड्डा बुजवायचा राहून गेला होता. शेवटच्या दिवशी बहुधा ती लवकर घरी आली असणार.

तिनं मठाच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मग तो खड्डा भरला, वरून एक ठोकळा ठेवला, आणि बांध होता तिथंच ठेवून गाव सेव्ह केलं.